हळदीतलं पिवळं: कुंकवापासून मज्जारज्जूपर्यंत

मज्जारज्जूचं नुकसान दोन हप्त्यांत होतं. पहिला हप्ता अपघाताच्या क्षणीच वसूल होतो. दुसरा पुढच्या तासा-दिवसांत, सूज आणि दाह वाढून वाचलेल्या पेशीही मरू लागतात तेव्हा. हा दुसरा हप्ता थोपवायला ज्या वनस्पतिद्रव्यांकडे आशेनं पाहिलं गेलं, त्यांत फार गाजलं ते कर्क्युमिन: कोल्हापूरशेजारच्या सांगलीत पोत्यांनी सौदे होणाऱ्या हळदीचा पिवळेपणा.

फोगेल आणि पेलेतिए यांनी तो १८१५ मध्ये हळदीतून वेगळा काढला. रेणूची रचना कळायला १९१० उजाडलं. आपल्याकडचे कुंकूवाले हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून या पिवळ्याचा लाल करतच होते. रसायन तेच, फक्त शोधनिबंध नव्हता.

खरी कलाटणी १९९५ ची. ह्यूस्टनच्या सिंग आणि अगरवाल यांनी दाखवलं की पेशीत दाहाची जनुकं जागी करणारं ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन कर्क्युमिन रोखतं. त्याच वर्षी जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंटही निघालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या ‘सीएसआयआर’ या सरकारी संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्या विजयाचा आनंद रास्तच. पण जखमेवर हळद चालते म्हणून मज्जारज्जूवरही चालेल, असं त्यातून सिद्ध होत नव्हतं.

पुढे मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिलं गेलं. सूज उतरली, काहींचे मागचे पाय बरे हलू लागले. माणसात मात्र गाडी अडली. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीनेक टक्के, ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि रक्तात पोचलेलंही झटकन निकामी होतं. शिवाय प्रयोगशाळेच्या चाचण्यांना ते चकवतं, असा इशारा २०१७ च्या एका परखड आढाव्यानं दिला. अगरवाल यांचे नंतरचे अनेक शोधनिबंधही मागे घेतले गेले. आता तेच कर्क्युमिन नॅनोकणांत भरून पाहणं चालू आहे. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला त्यानं उभं केल्याचा भक्कम पुरावा अजून नाही, तरी ‘नसांसाठी हळद’ म्हणून गोळ्या विकणारे खुशाल विकतात. मला याची चीड येते.

कोल्हापुरात मज्जारज्जूच्या दुखण्याचा विचार वेगळ्या अंगानं झाला. सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मचरित्र. त्यांनी औषधाची वाट पाहिली नाही; वसतिगृह, शिक्षण, रोजगार यांच्या मागे लागल्या. उंदरांवरचा प्रयोग माणसापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर व्हीलचेअरवरच्या माणसाला रॅम्प, लघवीच्या नळीची निगा आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळानं कूस बदलून देणारे हात लागतात.