इंजिन गेममध्ये येते, रूळ बाहेर राहतात

रेल्वे सिम्युलेशन गेममध्ये एखादे ऐतिहासिक अमेरिकन वाफेचे इंजिन आणायचे म्हणजे त्याचा आकार हुबेहूब उतरवायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चाके किती, धुराडे कसे, घंटा कुठे, एवढे जमले की काम झाले. १९९० साली सिड मायर यांचा ‘रेलरोड टायकून’ आला तेव्हा इंजिनाची ओळख किंमत, वेग आणि ताकद अशा मोजक्या आकड्यांत आटोपत असे. २०२१ च्या ‘रेलरोड्स ऑनलाइन’मध्ये ‘युरेका’ आणि ‘ग्लेनब्रुक’ ही नेवाडातली नॅरोगेज इंजिने, दोन्ही १८७५ सालची आणि बाल्डविन कारखान्यातली, खेळणारा स्वतः पाणी आणि सरपण भरून चालवतो. प्रगती मोठी आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन इंजिन ही सुटी वस्तू नव्हतीच, हे माझे म्हणणे आहे. ज्या रुळांवर ते धावले, जे इंधन त्याला मिळाले आणि ज्या माणसांनी ते राबवले, त्यांतून ते घडले. हे सारे वगळून आणलेले इंजिन कितीही देखणे असले, तरी इतिहास म्हणून अपुरे राहते.

इंजिनाच्या पोटाखाली पाहिले तर हे सर्वांत स्पष्ट दिसते. १८३१ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेने इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून एक इंजिन आणले. पुढे ते ‘जॉन बुल’ म्हणून प्रसिद्ध झाले. सुट्या भागांत आलेले हे इंजिन आयझॅक ड्रिप्स या तरुण मेकॅनिकने जोडले. इंग्लंडचे लोहमार्ग भक्कम आणि सौम्य वळणांचे होते. अमेरिकेत अंतरे अफाट आणि भांडवल तुटपुंजे, त्यामुळे रूळ हलके, वळणे तीव्र आणि भराव कच्चे. अशा मार्गावर ताठर इंजिन टिकेना, म्हणून ड्रिप्स यांनी त्याच्यापुढे दोन चाकांची चौकट जोडली आणि ती वळणावर इंजिनाला वाट दाखवू लागली. १८३६ मध्ये हेन्री कॅम्बेल यांनी पुढे चार लहान चाके आणि मागे ओढणारी चार मोठी चाके अशा रचनेचे पेटंट घेतले. पण त्यांचेही पहिले इंजिन ताठरच निघाले. जोसेफ हॅरिसन यांनी प्रत्येक बाजूच्या दोन मोठ्या चाकांना एका तरफेने सांधले आणि अडचण सुटली. एक चाक खड्ड्यात गेले तरी तरफ भार दोघांत वाटून देई. दोन बाजूंच्या दोन तरफा आणि पुढच्या लहान चाकांच्या चौकटीचा मध्य असे तीन टेकू मिळाले, आणि खडबडीत जमिनीवरच्या तिपाईसारखे इंजिन न डुगडुगता चालू लागले. या जातीला ‘अमेरिकन’ हेच नाव पडले. गेममधले रूळ मात्र गणिताने आखलेले आणि गुळगुळीत असतात. तिथे हॅरिसन यांच्या तरफेला कामच उरत नाही. खेळणारा पाहतो ते एवढेच, की १८६६ मध्ये आलेले, आठ चाकांनी ओढणारे ‘कन्सॉलिडेशन’ जास्त वाघिणी ओढते. मग आधीची माणसे कमजोर इंजिनांवर समाधान का मानत होती, असे त्याला वाटणारच. त्याचे उत्तर रुळांत आहे, आणि ते रूळच त्याला दिलेले नाहीत.

इंधनाची गोष्टही तशीच. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोंटरी इथे देशाच्या दोन टोकांकडून आलेले रूळ जुळले, तेव्हा समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन इंजिनांपैकी ‘ज्युपिटर’ लाकडावर चाले आणि ‘११९’ कोळशावर. म्हणून एकाचे धुराडे ठिणग्या अडवणारे, फुगीर, दुसऱ्याचे सरळ. ‘ज्युपिटर’ला सरळ धुराडे लावण्याची मुभा देणारा गेम त्याला लाकूड पुरवणारी कॅलिफोर्नियातली जंगले पुसून टाकतो. हे अमेरिकेपुरतेच खरे नाही. १९४७ मध्ये बाल्डविनने भारतासाठी बांधलेली डब्ल्यूपी वर्गाची पहिली इंजिने इथल्या जास्त राखेच्या कोळशाचा विचार करूनच आखलेली होती.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. इतका तपशील भरायला पुरावाच कुठे आहे? उरलेली जागा अंदाजाने भरायची, तर तो इतिहास कसला? प्रोमोंटरीची दोन्ही मूळ इंजिने विसाव्या शतकाच्या आरंभी भंगारात गेली. १९७९ मध्ये त्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या त्या मुख्यतः छायाचित्रांच्या आधारे, आणि त्या काळच्या छायाचित्रांत रंग नव्हता. ‘ज्युपिटर’ची प्रतिकृती लाल आहे. मूळ ‘ज्युपिटर’च्याच जोडीने बांधल्या गेलेल्या ‘लेव्हायथन’ची २००९ सालची प्रतिकृती मात्र निळ्या रंगात बांधली गेली. पुस्तक ‘रंगाबद्दल मतभेद आहेत’ असे लिहून पुढे जाऊ शकते. पडद्यावरच्या इंजिनाला कोणता तरी रंग द्यावाच लागतो. पण यावरून अंदाज वर्ज्य ठरत नाही, कारण सगळे अंदाज एका तोलाचे नसतात. बाल्डविनच्या इंजिनांच्या तपशिलांच्या वह्या डॅलसच्या डीगॉलियर ग्रंथालयात जपलेल्या आहेत. तिथल्या नोंदीवरून केलेले ‘ग्लेनब्रुक’ आणि नुसत्या धूसर छायाचित्रावरून केलेले इंजिन यांतला फरक खेळणाऱ्याला दिसला पाहिजे. लाल आणि निळा असे दोन्ही पर्याय आधारासह द्यावेत. मला हा मार्ग एकच रंग ठामपणे माथी मारण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

दुसरा आक्षेप असा, की गेम हा करमणुकीसाठी आहे. कच्चे रूळ आणि तेलपाण्याची कटकट कोणाला हवी? खेळणाऱ्यांचा अनुभव उलटे सांगतो. बॉयलरमधली पाण्याची पातळी सांभाळणे, चढाआधी वाफ साठवणे, यांतच तर खरी रंगत आहे. आणि या कटकटींमागे माणसे होती. एलायजा मॅकॉय यांचे आईवडील गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेले. मॅकॉय यांनी स्कॉटलंडमध्ये इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले, पण कृष्णवर्णीय म्हणून मिशिगन सेंट्रल रेल्वेत वाट्याला आले ते फायरमनचे आणि तेल घालण्याचे काम. ते करता करताच त्यांनी चालत्या इंजिनाला आपोआप तेल पुरवणारे उपकरण घडवले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ज्या गेममध्ये इंजिनाला तेलच लागत नाही, त्यात मॅकॉय यांना जागा नाही. ब्रेकचेही तेच. हवेचा ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलिंग कायद्याने सक्तीचे करण्याचा निर्णय १८९३ चा. त्याआधी मालगाडीचा ड्रायव्हर शिट्टी देई आणि ब्रेकमन धावत्या वाघिणींच्या टपांवरून पळत जाऊन ब्रेकचे एकेक चाक फिरवी. दांडा आणि कडीचे कपलिंग जोडताना अनेकांची बोटे गेली. काही गेममध्ये आता प्रत्येक वाघिणीचा हातब्रेक वेगळा फिरवावा लागतो, आणि हे पाऊल योग्य दिशेचे आहे. १८७५ च्या इंजिनामागे वीस वाघिणी जोडून केबिनमधल्या एकाच खटक्याने त्या थांबवता येत असतील, तर इंजिन एका काळातले आणि त्यामागची गाडी पुढच्या पिढीतली, असा तो प्रकार होतो.