बांधकामस्थळ-सुरक्षा, रत्नागिरीतील
बांधकाम चालू असलेल्या जागेवरील साहित्याची चोरी व अनधिकृत प्रवेश रोखण्याची व्यवस्था.

उगम : आवाराला जांभ्या चिऱ्यांचा गडगा घालण्याची कोकणातील रीत जुनी आहे (पाहा : जांभा). शहराची वस्ती नाचणे, कुवारबाव, मिरजोळे या लगतच्या गावांकडे पसरल्याने विखुरलेल्या बांधकामांना स्वतंत्र पहाऱ्याची गरज भासू लागली (पाहा : नागरीकरण).

वैशिष्ट्ये : पत्र्याचे कुंपण, एकच प्रवेशद्वार, आवक-जावक नोंदवही, रात्रीचे दिवे, कॅमेरे व राखणदार ही मुख्य साधने होत. सळया, सेंट्रिंगच्या प्लेटा व तांब्याची वायर कुलूपबंद ठेवतात. पावसाळ्यात काम मंदावल्यावरही पहारा चालू ठेवावा लागतो.

महत्त्व : चोरी (कलम ३०३) व फौजदारीपात्र अतिक्रमण (कलम ३२९) हे भारतीय न्याय संहिता, २०२३ नुसार गुन्हे आहेत. बंदिस्त आवारामुळे मुले व गुरे उघड्या खड्ड्यांपासून दूर राहतात (पाहा : बांधकाम कामगार).