धूर, वाफ आणि चार भिंती

आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यापाशी एक पांढरा फलक लावलेला आहे : ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद. 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' फलकाचे हे माप कुणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेले नाही; ते २००८ च्या केंद्रीय नियमांत लिहिलेले आहे. काही वर्षांपूर्वी याच फलकाखाली तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी पेनासारखे दिसणारे उपकरण ओढताना सापडला. त्याला हटकले तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, हा धूर नाही, वाफ आहे. फलकावर वाफेचं काही लिहिलेलं नाही."

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांवर तास घेणारे. त्या क्षणी मात्र आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे या विषयाचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले, की त्या मुलाने नकळत एका जुन्या परंपरेत पाऊल टाकले होते. बंद जागेतील हवेवर निर्बंध घालणाऱ्या नियमांना आपल्याकडे जो विरोध झाला, त्याचा पुष्कळसा भाग हवेविषयी नव्हताच. तो शब्दांविषयी होता, आणि शब्द लिहिण्याचा अधिकार कुणाचा याविषयी होता.

तंबाखूची वादावादी आपल्या भूमीवर चारशे वर्षांहून जुनी आहे. १७ व्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेग नावाच्या मुघल अधिकाऱ्याने विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित नळी नेऊन अकबरापुढे ठेवली. दरबारातील हकिमाने आक्षेप घेतला, की या वस्तूविषयी वैद्यकाच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, तेव्हा ती न घेणे बरे. त्यावर असद बेगाचे म्हणणे असे, की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले. त्याचा काय परिणाम झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या पालघर पट्ट्यातल्या पाड्यांवर आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळणारे हात आजही दिसतात. हकीम आणि असद बेग यांचा तो संवाद मात्र आज वाचला, तर ई-सिगारेटविषयीच्या कुठल्याही चर्चासत्रातला वाटावा.

कायद्याच्या दृष्टीने 'धूर' हा शब्द मुंबई इलाख्यात प्रथम माणसाच्या तोंडाला चिकटलेला नव्हता, तो धुराड्याला चिकटलेला होता. १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला तो भट्ट्या आणि गिरण्यांची धुराडी डोळ्यांपुढे ठेवून. घरात, कचेरीत माणसाने ओढलेली विडी ही तेव्हा व्यक्तिगत बाब होती, फार तर शिष्टाचाराची. सार्वजनिक जागेतला तंबाखूचा धूर हा न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, हा विचार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २१ वे शतक उजाडले. तो मुद्दा तेथे नेणारा माणूसही मुंबईचाच : मुरली देवरा. त्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, प्रेक्षागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. २००३ साली संसदेने 'सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादने' या नावाचा कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याखालचे कडक नियम अमलात आले. दंड २०० रुपयांपर्यंत. उपाहारगृहे, मद्यगृहे, कामाच्या जागा, सारे त्यात आले. नियम लागू होण्यापूर्वी तंबाखू आणि हॉटेल व्यवसायातील मंडळी न्यायालयात गेली होती. पण स्थगिती मिळाली नाही.

या नियमांत एक फट मुद्दाम ठेवलेली होती. ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला आणि ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येई. तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारे हवे, आणि हवा थेट बाहेर सोडणारी यंत्रणा हवी. ही खोली केवळ धूम्रपानासाठी वापरावी, तिथे 'अन्य कोणतीही सेवा' देऊ नये, असे नियमाचे शब्द होते. या 'अन्य' शब्दाने पुढची नऊ वर्षे गाजवली.

त्या काळात मुंबईत हुक्क्याची नवी लाट आली होती. आजोबांची गुडगुडी नव्हे. सफरचंदाच्या आणि पुदिन्याच्या वासाचा, गाद्यागिरद्यांवर बसून चौघांत ओढायचा, महाविद्यालयीन वयाच्या मुलांना भुरळ घालणारा हुक्का. २०११ साली मुंबई महानगरपालिकेने उपाहारगृहांच्या परवान्याच्या अटींतच हुक्का देण्यास मनाई घातली. व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथील युक्तिवाद आम्हाला फार शिकवून जाणारे वाटतात. पालिकेचे म्हणणे : धूम्रपानाच्या खोलीत अन्य सेवा चालत नाही, आणि हुक्का भरून, निखारे ठेवून देणे ही सेवाच आहे. व्यावसायिकांचे म्हणणे : संसदेच्या कायद्याने जे करू दिले ते पालिका परवान्याच्या अटीतून काढून घेऊ शकत नाही. ८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने व्यावसायिकांचे म्हणणे मान्य केले. 'अन्य सेवा' म्हणजे धूम्रपानाखेरीजची सेवा. हुक्का देणे हे धूम्रपानाच्याच पोटात येते, असा अर्थ लावला गेला आणि पालिकेच्या अटी रद्द झाल्या.

हा निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. उलट, स्थानिक संस्थेने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन नियम केले तर ते मोडीत निघावेत, हे लोकशाहीत योग्यच आहे. उद्या हीच पालिका परवान्याच्या अटींतून आणखी काहीही घालू शकेल. परंतु त्या खोलीत दिवसाचे आठदहा तास हुक्के भरणारा, निखारे फुंकणारा पोऱ्या या साऱ्या शब्दच्छलात कुठे आहे? व्यावसायिकाचा व्यवसाय-स्वातंत्र्याचा हक्क होता, ग्राहकाची निवड होती, पालिकेचा अधिकार होता. ज्याला खोलीतून बाहेर जाण्याची निवड नव्हती त्याचे नाव कुणी घेतले नाही. देवरांच्या याचिकेतला जो मूळ विचार, 'न ओढणाऱ्याची हवा', तो तेरा वर्षांत या वादातून जवळजवळ नाहीसा झाला होता.

पुढची हकीकत झपाट्याने सांगता येते. मे २०१७ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केला : धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा चालणार नाही. 'अन्य' हा शब्द गेला, आणि त्याबरोबर २०१४ च्या निकालाचा आधारही गेला. (व्याकरण शिकवून काय मिळते असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली हे उदाहरण देतो.) २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला, आणि चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. २०१८ साली महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी आणली : एक ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते एक लाख रुपये दंड. गुजरातपाठोपाठ असे करणारे हे दुसरे राज्य. मग विरोधकांनी नवा शब्द पुढे केला : 'हर्बल'. आमच्या हुक्क्यात तंबाखूच नाही, तर तंबाखूचा कायदा कसा लागेल? चरकसंहितेत औषधी धूमवर्तीचे वर्णन आहेच, तेव्हा या शब्दाला आपल्याकडे एक आयती पुण्याईही लाभली. २०२३ च्या एप्रिलमध्ये चेंबूरच्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का देण्याचा परवाना आपोआप येत नाही. जिथे मुले, स्त्रिया, वृद्ध जेवायला येतात तिथे हुक्का चालू देता येणार नाही. हुक्क्यात नेमके काय भरले आहे हे पालिकेने रोज तपासत बसावे, अशी अपेक्षाही न्यायालयाने धरली नाही. निदान इथे तरी, शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस न्यायालयाला पुन्हा दिसला.

ई-सिगारेटची कथा याच वादाची पुढची पायरी व्हायला हवी होती. न्यूयॉर्क शहरात ती तशी झाली. तिथल्या नगरपरिषदेने डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या बंद जागांतील धूम्रपानबंदीत ई-सिगारेटचा समावेश केला, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या एका संघटनेने शहरावर दावा लावला. मुख्य आक्षेप काय? या उपकरणात धूर नाही आणि तंबाखूचे पानही नाही. तेव्हा धुराच्या कायद्यात त्याला घालणे म्हणजे एका कायद्यात दोन विषय कोंबणे. दावा फेटाळला गेला. आमच्या जिन्यावरच्या मुलाने हा खटला वाचला असण्याची शक्यता नाही, पण मुद्दा तोच होता. आणि आपल्या कायद्याची व्याख्या पाहता तो अगदीच पोकळ नव्हता : २००३ च्या कायद्यात 'धूम्रपान' म्हणजे कोणत्याही रूपातील तंबाखूचे धूम्रपान.

भारतात मात्र बंद जागा की उघडी, हा प्रश्न ई-सिगारेटच्या वाट्याला आलाच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेशाचा निर्णय जाहीर केला आणि डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सारेच निषिद्ध. निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच वर्षीच्या मे महिन्यात पूर्ण बंदीची शिफारस केली होती. गंमत अशी, की जवळ एखादे उपकरण बाळगून ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा इथेच आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या पानटपरीवर विडी आणि सिगारेट उघड विकली जाते, त्याच देशात तुलनेने कमी घातक मानली जाणारी वस्तू संपूर्ण बेकायदा कशी? सिगारेट करणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीत आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, हेही ते दाखवून देतात. संसदेतील चर्चेतही हा प्रश्न निघाला होता. विडीबंदीला विरोध करताना सिन्नरच्या, सोलापूरच्या विडीकामगार स्त्रियांची चूल पुढे करता येते. ई-सिगारेटमागे असा मतदारसंघ नव्हता, म्हणून तिच्यावर बंदी घालणे सोपे गेले, असे आम्हालाही वाटते. परंतु विक्रीवरील सरसकट बंदीला विरोध ही एक गोष्ट आहे, आणि बंद खोलीतल्या निर्बंधाला विरोध ही दुसरी. पहिली अन्याय्य मानणाऱ्याने दुसरीलाही तेच माप लावावे, हे आम्हाला पटत नाही.

कारण 'वाफ' हा शब्द मुळात फसवा आहे. मराठीत वाफ म्हणजे मोदकपात्रातून येते ती. सर्दी झालेल्या पोराला पांघरुणाखाली बसवून आई वाफारा देते ती. या शब्दाभोवती आरोग्याचा आणि घरपणाचा वास आहे. ई-सिगारेटमधून बाहेर पडते ते पाणी उकळून झालेले बाष्प नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून झालेले ते सूक्ष्म तुषार असतात. त्यांत बहुधा निकोटिन असते, स्वादाची रसायने असतात, अतिसूक्ष्म कण असतात. सिगारेटच्या धुराहून ते कमी, हे खरे. शेजाऱ्याच्या वाट्याला शून्य येते, हे खरे नाही. विद्यार्थ्याला तेव्हा हे सांगता आले असते.

पण त्याच्याजवळ दुसराही प्रश्न होता, आणि तो या परिसरातला होता. "सर, खिडकी उघडली की जे आत येतं, त्यापुढे हे काय आहे?" बेटेगाव-बोईसरला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न अवघड जातो. २०१८ च्या केंद्रीय मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ होता, देशात सर्वाधिक. रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणारी मुले आमच्याकडे आहेत. त्यांचे फुप्फुस फलकाच्या मापात बसत नाही. १९१२ च्या कायद्याने धुराड्याकडे पाहिले होते, २००८ च्या नियमाने तोंडाकडे. मधल्या शतकात आपण मोठ्या धुराकडून लहान धुराकडे वळलो की काय, असे त्या मुलाला वाटले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. आम्ही त्याला एवढेच सांगितले, की बाहेरच्या हवेसाठी तुझ्याबरोबर अर्ज लिहायला बसू; आतल्या हवेत मात्र मागच्या बाकावरची दम्याची मुलगीही बसते, आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या वाट्याची हवा तुला देता येणार नाही.

नियमानुसार अशा प्रत्येक जागी, तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव ठळकपणे लिहावे लागते. आमच्या मजल्यावर ते नाव आमच्यापैकीच एकाचे आहे. आजवर त्या नावावर एकच लेखी तक्रार आली, आणि ती तंबाखूची नव्हती : पहाटे खिडकीतून येणाऱ्या वासाची होती. तळाशी सही त्याच मुलाची.