जळणासाठीची भट्टी

जुन्या पद्धतीची मद्यार्काची भट्टी म्हणजे दोन भांडी आणि एक नळी. खालच्या भांड्यात आंबवलेले रसायन उकळते, वाफ नळीतून पुढे जाते आणि गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. त्यामुळे सुरुवातीच्या वाफेत मद्यार्काचा अंश जास्त असतो. उतरलेला द्रव पुनःपुन्हा गाळला तर मद्यार्क सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत चढतो. त्यापुढे साध्या गाळपाने उरलेले पाणी निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला जवळपास निर्जल मद्यार्क लागतो, तो कारखान्यातच होतो. घरगुती भट्टीचा माल मोटारीसाठी नव्हे, चुलीसाठी आणि दिव्यासाठी.

महाराष्ट्रात मात्र भट्टी म्हटले की दारूच आठवते, आणि याला कायद्याचा इतिहास कारण आहे. ब्रिटिश अमलात मुंबई इलाख्यासाठी १८७८ साली अबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत आणायचे, म्हणजे कर चुकणार नाही, असे त्यामागचे धोरण होते. मुंबईजवळ उरणला मोहाच्या दारूचे मोठे केंद्र उभे राहिले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही बंधने आली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय भट्टी लावणेच नव्हे, तर तिचे साहित्य बाळगणेही गुन्हा ठरवले. ही कडकाई अकारण नाही. विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली. पण भट्टी लावण्याच्या बाबतीत या कायद्याच्या नजरेत पिण्याचा मद्यार्क आणि जाळण्याचा मद्यार्क यांच्यात फरक उरला नाही, हे या इतिहासातले खरे दुखणे आहे.

जळण म्हणून मद्यार्काचा विचार टंचाईतूनच पुढे आला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले आणि मोटारींना कोळशाच्या गॅसची यंत्रे लागली. १९४८ साली केंद्राने ‘पॉवर अल्कोहोल’साठी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या मद्यार्कासाठी, स्वतंत्र कायदा केला. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले. उसाच्या मळीपासून मद्यार्क करणे हा अशा कारखान्यांचा जोडधंदा झाला. मद्यार्क जिल्ह्यातच तयार होऊ लागला, पण तो कारखान्यांच्या टाक्यांत राहिला. शेतकऱ्याच्या घरी गेला नाही.

त्याच जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, बालाघाटच्या रांगांजवळ, जामखेड तालुक्यातले खर्डा आहे. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते हेच गाव. हा पर्जन्यछायेचा, रब्बी ज्वारीचा मुलूख. उसाला लागणारे पाणी इथे बारमाही मिळत नाही, कडबा मात्र असतो. या मुलखासारख्या शेतीला लागू पडेल असा प्रयोग फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेने गोड ज्वारीवर काम केले आणि ‘मधुरा’ हे संकरित वाण तयार केले. हुरड्याच्या दिवसांत पोरे ज्वारीचे ताट मोडून चोखतात, तीच गोडी या वाणात वाढवलेली आहे. कणसातले दाणे भाकरीला, ताटाचा रस मद्यार्काला आणि उरलेला चोथा गुरांना, असा एकाच पिकाचा तिहेरी उपयोग.

या संस्थेत अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर चालणारी भट्टी उभी राहिली. सौर तावदानांत पाणी तापवून त्या उष्णतेने रसायन गाळले जाई. दिवसाला ३० ते ४० लिटर मद्यार्क निघे. पुढे संस्थेने त्यावरचा दिवा आणि शेगडी तयार केली. शेगडीला निम्मे पाणी असलेला मद्यार्कही पुरतो, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणावा लागेल. इतपत मद्यार्कासाठी मोठ्या कारखान्याची गरजच उरत नाही आणि पाण्यामुळे भडका उडण्याची भीतीही कमी होते. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

सरकारची वाट मात्र पेट्रोलपंपाकडे गेली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या देशात २००१ साली चाचण्या झाल्या, त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. आता मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले आहे आणि साखर कारखान्यांची इथेनॉलमधून चांगली कमाई होते. स्वयंपाकाच्या मद्यार्काला तशी वाट मिळालेली नाही. पिण्यास अयोग्य करणारे द्रव्य मिसळून असा मद्यार्क गावपातळीवर करण्याची आणि विकण्याची सोपी परवानगी सरकारने द्यायला हवी, आणि तिची सुरुवात खर्ड्यासारख्या ज्वारीच्या गावांपासून व्हावी.