पालखी, शाळा आणि पुस्तकाचं दुकान : विद्यासागरांची फिरती



मुलांसाठी लिहिणारे लेखक हल्ली शाळाशाळांतून फिरतात. सकाळी प्रार्थनेनंतर मुलांशी गप्पा, दुपारी दुसरी शाळा, संध्याकाळी पुस्तकाच्या दुकानात सह्या. पुस्तक नुसतं छापून भागत नाही, ते घेऊन हिंडावं लागतं, असं प्रकाशक सांगतात. आज ज्या लेखकाबद्दल बोलणार आहे, त्यानं कोलकात्यात हे सगळं १८५० च्या दशकात केलं, पण क्रम वेगळा होता. आधी छापखाना आणि दुकान काढलं, मग मुलांचं पुस्तक लिहिलं, आणि पुस्तक शिकवायला शाळा नाहीत म्हणून गावोगाव फिरून शाळाही काढल्या. ईश्वरचंद्र विद्यासागर.

आपल्याकडे विद्यासागर म्हटलं की विधवाविवाह आठवतो, आणि ते बरोबरही आहे. विधवाविवाहावरचं त्यांचं पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं आणि त्यावरून आपल्याकडेही रणं माजली. पण बंगाली घरात विचाराल तर पहिलं नाव निघेल ‘वर्णपरिचय’चं. कॉलेज स्ट्रीटच्या पदपथावर ते पातळ पुस्तक अजून मिळतं. मीही तिथूनच घेतलं. आपल्या अंकलिपीसारखंच हलक्या कागदावरचं, वर विद्यासागरांचं चित्र.

आता जरा मागे जाऊ. १८४७ साल. विद्यासागर सत्तावीस वर्षांचे, संस्कृत कॉलेजात नोकरी करणारे गरीब ब्राह्मणाचे पोर. मित्र मदनमोहन तर्कालंकार यांच्याबरोबर त्यांनी छापखाना काढायचं ठरवलं. गाठीला पैसा नाही, म्हणून एका स्नेह्याकडून ६०० रुपये उसने घेतले आणि लाकडी मुद्रणयंत्र विकत घेतलं. छापखान्याचं नाव संस्कृत यंत्र. कर्ज कसं फेडायचं? कृष्णनगरच्या राजवाड्यातल्या हस्तलिखितावरून त्यांनी ‘अन्नदामंगल’ हे जुनं काव्य छापलं आणि फोर्ट विल्यम कॉलेजनं त्याच्या १०० प्रती ६०० रुपयांना घेतल्या. हिशोब चुकता. मला विद्यासागरांच्या चरित्रातला हा प्रसंग फार आवडतो. समाजसुधारकांच्या चरित्रांत पैशाचे आकडे सहसा सापडत नाहीत, आणि इथे तर व्यवहार रुपयापर्यंत जुळतो.

छापखान्याला जोडून पुस्तकांची वखार आली, संस्कृत प्रेस डिपॉझिटरी. तोवर कोलकात्यात छापील बंगाली पुस्तकांचा बाजार होता तो उत्तरेकडच्या बटतल्याचा. पंचांगं, पुराणकथा, चटोर प्रहसनं, सगळं स्वस्तात आणि फेरीवाल्यांच्या डोक्यावरून. मुलांसाठी तिथून ‘शिशुबोधक’ येई, त्यात अक्षरांबरोबर चाणक्याचे श्लोक, दानशूर कर्ण, गंगेची स्तुती असा सगळा काला. विद्यासागरांची वखार कॉलेजांच्या वस्तीत होती. आज कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या दुकानांची जी रांग दिसते, तिच्या अगदी सुरुवातीच्या दुकानांत हिची गणना होते. छापखान्यातलं एक काम तर दुकानाहून जास्त टिकलं. बंगाली जोडाक्षरांचे खिळे पेटीत कोणत्या खणात ठेवायचे याची व्यवस्था त्यांनी नव्यानं लावली. जुळारी तिला पुढे कित्येक पिढ्या ‘विद्यासागरी साट’ म्हणत राहिले.

मुलांचं पहिलं चांगलं पुस्तक मात्र मदनमोहनांचं. १८४९ साली बेथून साहेबांनी कोलकात्यात मुलींची शाळा उघडली. आपल्याकडे पुण्यात भिडेवाड्यातली शाळा आदल्या वर्षीची, हे लक्षात ठेवा. मदनमोहनांनी आपल्या दोन मुली बेथूनच्या शाळेत घातल्या, त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला आणि ‘शिशुशिक्षा’ लिहिली. विद्यासागर पुढच्याच वर्षी त्या शाळेचे चिटणीस झाले. मुलींना आणणाऱ्या गाडीवर त्यांनी एक संस्कृत वचन रंगवून घेतलं होतं, मुलीलाही काळजीपूर्वक शिकवलं पाहिजे अशा अर्थाचं. रस्त्यातून गाडी जाताना शास्त्रीबुवांनी ते वाचावं, हा हेतू उघड आहे.

मग येतं १८५५. जानेवारीत विधवाविवाहावरची पहिली पुस्तिका, एप्रिलमध्ये ‘वर्णपरिचय’चा पहिला भाग, मे महिन्यात शाळा तपासनिसाची नेमणूक, जूनमध्ये ‘वर्णपरिचय’चा दुसरा भाग, ऑक्टोबरात विधवाविवाहावरची दुसरी पुस्तिका. आणि हे सगळं संस्कृत कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळून.

बंगालमध्ये एक गोष्ट सांगतात, की ‘वर्णपरिचय’ त्यांनी पालखीत बसून लिहिलं. शाळा तपासायला खेड्यात निघालेले, भोई हुं-हुं करत चाललेले, आणि आत पंडितजी मांडीवर कागद ठेवून अ, आ लिहितायत. चित्र झकास आहे. पण तारखा बघा. तपासनीस म्हणून ते निघाले मे १८५५ मध्ये, आणि पहिला भाग त्याआधीच छापून झाला होता. मग गोष्ट खोटी का? मला तसं वाटत नाही. १८५४ च्या उन्हाळी सुटीत ते हुगळी जिल्ह्यातल्या गावांतून हिंडले होते, सरकारी आदर्श शाळा कुठे काढाव्यात ते पाहायला. तिथल्या पाठशाळांत मुलं कशी शिकतात हे डोळ्यांदेखत पाहिल्यावर पुढच्या काही महिन्यांत पहिला भाग झाला, हे सहज पटतं. आणि दुसरा भाग तर नेमणुकीनंतरच निघाला. तेव्हा पालखी खरी मानायला माझी हरकत नाही, फक्त तिच्या फेऱ्या एकाहून जास्त होत्या.

रेल्वे तेव्हा नुकतीच आली होती. हावड्याहून हुगळीला पहिली गाडी धावली ती १५ ऑगस्ट १८५४ रोजी. पण रुळांपासून आत गेलं की पालखी नाहीतर पाय. विद्यासागरांना पायांची सवय होती. लहानपणी आठव्या वर्षी ते वडिलांबरोबर बीरसिंह या गावाहून कोलकात्याला चालत आले होते आणि वाटेतल्या मैलांच्या दगडांवरून इंग्रजी आकडे शिकले होते.

पुस्तकात त्यांनी नेमकं काय केलं? मराठी वाचकाला हे लगेच कळेल, कारण आपली अंकलिपी अजून जुन्या वळणाची आहे. आपण अं आणि अः स्वरांच्या ओळीत ठेवतो, व्यंजनांच्या शेवटी क्ष आणि ज्ञ लिहितो. विद्यासागरांनी १८५५ सालीच बंगालीतून दीर्घ ॠ आणि दीर्घ ॡ काढून टाकले, कारण बंगालीत ते लागतच नाहीत. अनुस्वार आणि विसर्ग स्वरांतून उचलून व्यंजनांकडे नेले, चंद्रबिंदूला वेगळी जागा दिली. क्ष हे जोडाक्षर आहे म्हणून मूळ व्यंजनांतून वगळला. उलट ड़, ढ़, य़ हे उच्चार बंगालीत वेगळे ऐकू येतात म्हणून त्यांना स्वतंत्र अक्षरं केलं. हिशोब झाला १२ स्वर, ४० व्यंजनं. संस्कृतचा एवढा मोठा पंडित, पण मुलाच्या कानाला जे ऐकू येतं ते त्यानं पोथीतल्या परंपरेपेक्षा वर ठेवलं. (आपल्याकडे हे कुणी सुचवलं तर काय गहजब होईल याची कल्पना करा.)

मग छोटे शब्द, दोन-तीन शब्दांची वाक्यं आणि शेवटी गोपाळ आणि राखाल. गोपाळ आईबापांचं ऐकतो, मिळेल ते खातो. राखाल शाळेच्या वाटेवर खेळत बसतो. दुसऱ्या भागात भुवन येतो. लहानपणीच्या चोरीबद्दल मावशीनं कधी रागावलं नाही, म्हणून फाशी जाण्यापूर्वी तो मावशीचा कान चावून तोडतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ही गोष्ट! आजच्या पालकांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत धाव घेतली असती. गोपाळबद्दल रवींद्रनाथांनी मार्मिक लिहिलंय, की खुद्द विद्यासागर लहानपणी गोपाळसारखे नव्हतेच, राखालसारखे होते. बापाच्या सांगण्याच्या नेमकं उलट वागायचे.

शाळांची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हुगळी, बर्दवान, मेदिनीपूर आणि नदिया हे चार जिल्हे त्यांच्याकडे होते. प्रत्येकात पाच अशा २० आदर्श शाळा सहा महिन्यांत उभ्या राहिल्या. शिक्षक कुठून आणायचे, म्हणून जुलै १८५५ मध्ये कोलकात्यात अध्यापकशाळा निघाली. तिथे मुख्य म्हणून त्यांनी अक्षयकुमार दत्तांना आणलं, तेही मुलांसाठी लिहिणारेच. प्राचार्य म्हणून ३०० रुपये आणि तपासनीस म्हणून २०० रुपये असा विद्यासागरांचा पगार होता. म्हणजे लेखक तेच, मुद्रक तेच, विक्रेते तेच, आणि शाळा तपासणारेही तेच. आज या प्रकाराची चौकशी लागली असती, आणि लागायलाही हवी. त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणेन, की त्या शाळांत लावण्यासारखी दुसरी पुस्तकं फारशी नव्हतीच.

नोव्हेंबर १८५७ पासून मे १८५८ पर्यंत त्यांनी मुलींच्या ३५ शाळा उघडल्या. हुगळीत २०, बर्दवानमध्ये ११, मेदिनीपुरात तीन, नदियात एक. सुमारे १३०० मुली. महिन्याचा खर्च ८४५ रुपये. काळ कोणता, बघा. उत्तरेत बंड पेटलेलं, कोलकात्यात संस्कृत कॉलेजची इमारत लष्करानं घेतलेली, आणि हा माणूस गावच्या लोकांना सांगतोय, जागा तुम्ही द्या, शिक्षकाचा पगार सरकार देईल. हा शब्द त्यांनी छोटे लाट हॅलिडे यांच्या तोंडी भरवशावर दिला होता. कागदावर मंजुरी नव्हती. शिक्षणखात्याचे संचालक गॉर्डन यंग यांचं आणि त्यांचं जमत नव्हतं. वरून उत्तर आलं, की बंडामुळे तिजोरीवर ताण आहे, या शाळांना कायमचं अनुदान मिळणार नाही.

जून १८५८ अखेर शिक्षकांचे ३,४३९ रुपये थकले होते. शिक्षक विद्यासागरांच्याच दारात येणार, कारण त्यांना नेमलं होतं विद्यासागरांनी. विनंत्या करून करून ती थकबाकी सरकारनं एकदाची भरली. पण पुढे? त्याच वर्षी त्यांनी दोन्ही पदांचा राजीनामा दिला. महिना ५०० रुपये गेले. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी वर्गणीचा निधी काढला, काही शाळा त्यावर तगल्या, काही बंद पडल्या. बंद पडलेल्या शाळांतल्या मुलींचं पुढे काय झालं याची नोंद कुठल्याच चरित्रकारानं केलेली नाही, म्हणजे माझ्या वाचनात तरी नाही.

आणि इथे दुकान कामी आलं. ‘वर्णपरिचय’च्या पहिल्या तीन वर्षांत ११ आवृत्त्या निघाल्या, ८८ हजार प्रती. शिवाय ‘बोधोदय’ होता, इसापच्या गोष्टींची ‘कथामाला’ होती. सरकारी पगार सोडलेल्या माणसाला मुलांच्या पुस्तकांनी पोसलं. त्यांना एकट्यालाच नाही, त्यांनी लावून दिलेल्या विधवाविवाहांचा खर्चही बराचसा याच पैशातून निघे, आणि तरी कर्ज होईच. पुढे १८७१ मध्ये बंकिमचंद्रांनी एका इंग्रजी लेखात, भाषांतरं आणि बालपुस्तकं यापलीकडे यांनी केलंय काय, अशा अर्थाचा शेरा मारला. कादंबरीकारानं अंकलिपीवाल्याकडे असं बघावं, यात नवल नाही. आपल्याकडे ‘बालबोध’ मासिक चालवणाऱ्या विनायक कोंडदेव ओकांच्या वाट्याला तरी समीक्षकांकडून काय आलं?

शाळांना भेटी देणं राजीनाम्यानंतरही थांबलं नाही. डिसेंबर १८६६ मध्ये इंग्लंडहून मेरी कार्पेंटर आल्या, मुंबई-अहमदाबाद बघून कोलकात्याला. त्यांच्याबरोबर विद्यासागर गंगेपलीकडच्या उत्तरपाड्याला मुलींची शाळा पाहायला गेले. परतताना त्यांची घोडागाडी उलटली, ते रस्त्यावर फेकले गेले. पोटात आतून मार बसला आणि तो मार जन्मभर पुरला. खाणंपिणं बिघडलं, तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. तरी कार्पेंटरबाईंनी स्त्रीशिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापकशाळा काढायचा आग्रह धरला, तेव्हा विद्यासागरांनी सरकारला स्पष्ट कळवलं की हे जमणार नाही. प्रौढ बायकांना घरचे बाहेर पडू देणार नाहीत, आणि ज्या विधवा येतील त्यांच्यावर लोक संशय घेतील. शिक्षिका हव्यात हे त्यांना मान्य होतं. मुलींसाठी एवढा झगडलेला माणूस इथे मागे सरला असं काहींना वाटतं. मला वाटतं, ३५ शाळांचा अनुभव त्यांच्या अंगावर होता, तो बोलत होता.

१८७५ साली ‘वर्णपरिचय’च्या पहिल्या भागाची साठावी आवृत्ती निघाली. तिच्या निवेदनात त्यांनी एक बारकावा टिपलाय. जवळपास सगळीकडे मुलं अ आणि आ ही अक्षरं वाचताना ‘स्वराचा अ’, ‘स्वराचा आ’ असं म्हणतात. शिक्षकांनी त्यांना नुसतं अ, आ म्हणायला शिकवावं, असं त्यांनी लिहिलंय. पुस्तक येऊन वीस वर्षं झाली होती, तपासनिसाची नोकरी सोडून सतरा.