सायकलच्या फ्रेमसाठी स्टेनलेस स्टील
चेन्नई : समुद्रकाठच्या खारट, दमट हवेत सायकलच्या पोलादी फ्रेमला गंजाचा धोका अधिक असतो. रंगामुळे फ्रेम बाहेरून सुरक्षित राहते. नळीत शिरलेले पाणी मात्र ती आतून पोखरते. स्टेनलेस स्टीलमधील किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो. तथापि, भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची ताकद फ्रेमसाठीच्या क्रोमोली पोलादापेक्षा कमी असल्याने नळ्या जाड व जड ठेवाव्या लागतात.

तत्कालीन मद्रासमध्ये १९४९ साली मुरुगप्पा समूहाने ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने टीआय सायकल्सची स्थापना केली. पूर्वी याच ब्रिटिश समूहात असलेल्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘९५३’ या उच्च ताकदीच्या स्टेनलेस मिश्रधातूमुळे नळ्या पातळ ठेवता येतात. मात्र त्या महाग असून त्यांच्या जोडकामाला विशेष कौशल्य लागते.