सुटलेल्या बाणाचा प्रश्न

वाचकहो, धनुष्याची दोरी बाणाला रेटा देते आणि जागच्या जागी थांबते. बाण मात्र पुढे जातो. दोरीचा संबंध सुटल्यावर त्याला पुढे कोण नेते? प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला सुमारे दोन हजार वर्षे लागली. त्या वाटेवर अथेन्स आणि पॅरिसचे पंडित भेटतात, तसे आपले दर्शनकारही भेटतात. त्यांचे नेमके स्थान कोणते, हे नीट पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ ॲरिस्टॉटलपासून करू. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या या तत्त्वज्ञाने रोजच्या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. बैल थांबले की गाडी थांबते. म्हणून गती आहे तिथे गती देणारा हवा, आणि तो वस्तूला लागून हवा. मग बाणाचे काय? त्याचे उत्तर असे की, दोरीने हवाही ढकलली जाते आणि ती हवा बाणाला रेटत नेते. याच ग्रंथात पोकळी असूच शकत नाही, हे सिद्ध करताना तो म्हणतो की पोकळीत सुटलेल्या वस्तूने अमुक ठिकाणीच थांबावे असे काही कारण उरणार नाही. आडवे काही आले नाही तर ती अनंतकाळ जात राहील. त्याच्या दृष्टीने हे इतके असंभव होते की, त्यावरून त्याने पोकळीच खोटी ठरवली. सत्य हाती आले होते, ते त्याने हास्यास्पद म्हणून टाकून दिले.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने या हवेच्या उत्तरावर हल्ला केला. हवाच नेत असेल तर बाणाला दोरी लावायची गरजच काय? मागून हवा ढवळली तरी पुरे. त्याच्या मते फेकणारा वस्तूतच एक शक्ती घालतो. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न सीनाने असाच विचार मांडला. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने दाखला दिला भोवऱ्याचा आणि लोहाराच्या धार लावायच्या चाकाचा. ही जागच्या जागी फिरतात, मग हवा मागून शिरणार कुठे? दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या भाल्याला हवा रेटणार कशावर? वस्तूत शिरलेल्या या शक्तीला त्याने ‘इंपेटस’ म्हटले, आणि ती द्रव्याच्या प्रमाणात व वेगाच्या प्रमाणात वाढते असे सांगितले.

आता आपल्याकडे वळू. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत हाच बाण आहे. सूत्रकार सांगतो की बाणाची पहिली हालचाल नोदनाने, म्हणजे रेट्याने होते. त्या हालचालीने बाणात संस्कार उत्पन्न होतो आणि पुढची प्रत्येक हालचाल त्या संस्काराने होते. तो संपला की बाण गुरुत्वाने पडतो. साधारण फिलोपोनसच्याच शतकातल्या प्रशस्तपादाने संस्काराचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. म्हणजे बाणाला पुढे नेणारा, मनात स्मृती ठेवणारा आणि वाकवलेली फांदी पूर्ववत करणारा, तिघेही संस्कारच. एका क्षणी घडलेले पुढच्या क्षणांत टिकते कसे, हा प्रश्न त्या विचारवंतांनी किती व्यापकपणे धरला होता, हे यावरून ध्यानात येते. या सूत्रांवरची चंद्रानंदाची वृत्ती मुनी जंबूविजयांनी संपादित केली आणि ती 1961 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. मराठी राजघराण्याच्या आश्रयाने सुरू झालेल्या मालेचे हे ऋण आपण लक्षात ठेवले पाहिजे.

मात्र फिलोपोनस, बुरिदान आणि प्रशस्तपाद यांची एक समजूत समान आहे: गती टिकायला कारण लागते. ते कारण हवेतून काढून त्यांनी वस्तूच्या आत ठेवले. इंपेटस काय किंवा वेग काय, दोन्ही गतीचे कारणच. वैशेषिकांचा वेग म्हणजे आज शाळेत शिकतो तो वेग नव्हे.

प्रश्नच उलटा करण्याचे काम गॅलिलिओने सुरू केले. उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तितक्याच उंचीवर जाते. चढ सौम्य केला तर ती उंची गाठायला जास्त दूर जाते. मग चढ काढूनच टाकला तर? घर्षण नसेल तर ती थांबेल कशाला? कॅरमवर पावडर टाकणाऱ्या प्रत्येकाने या युक्तिवादाची पहिली पायरी पाहिली आहे. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड तिच्या पायथ्याशीच पडेल, असेही गॅलिलिओ म्हणाला, आणि गासेंदीने 1640 मध्ये मार्सेयला तसे करून दाखवले. तरीही गॅलिलिओची आडवी गती पृथ्वीच्या गोलाईला धरून होती. ती सरळ रेषेत चालते, हे देकार्तने 1644 मध्ये स्पष्ट मांडले.

1687 मध्ये न्यूटनने या सर्वांचा निकाल लावला. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू सरळ रेषेत एकाच वेगाने चालत राहते. बल लागते ते यात बदल करायला, आणि बदल बलाच्या प्रमाणात, बलाच्या दिशेने होतो. बाणाला कोण नेते, हा प्रश्नच मिटला. विचारायचे एवढेच की त्याला मंद कोण करते, खाली कोण वळवते. उत्तर: हवा आणि पृथ्वी. जी हवा ॲरिस्टॉटलला ढकलणारी वाटली, ती अडवणारी निघाली.

शब्द मात्र मागे राहिले. ‘इनर्शिया’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये आळस. केप्लरने तो शब्द वस्तूच्या थांबून राहण्याच्या ओढीसाठी वापरला. न्यूटनने चालत राहणेही त्यात घातले, तरी व्याख्येत त्याला वस्तूत वसणारे ‘बल’च म्हटले. आपल्या ‘जडत्वा’तही चेतनेवाचून पडून राहण्याचा जुना अर्थ डोकावतो. म्हणून विद्यार्थ्याला स्थितीचे जडत्व चटकन समजते, गतीचे समजत नाही.

वैशेषिक ग्रंथांतली वाक्ये तोडून-जोडून न्यूटनचे तिन्ही नियम कणादाच्या नावावर सांगण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. त्याने कणादाचा गौरव होत नाही. त्याने खरोखर जे विचारले ते झाकले जाते. ज्या प्रश्नावर अलेक्झांड्रिया आणि पॅरिस अडले, त्याच प्रश्नाला आपले दर्शनकार स्वतंत्रपणे, स्वतःच्या शब्दांत भिडले होते, हा वारसा पुरेसा मोठा आहे. वाचकहो, तो आहे तेवढाच सांगा. त्याला उसन्या रेट्याची गरज नाही.